बेदरच्या बादशहाचं गाव: गाणगापूरहून गाडी परत फिरवू नका

पायवाट
शुक्रवार, रात्री १०:१५

बेदरचा बादशहा माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारं उघडली, बादशहा खवळला आणि पांडुरंग विठू महार होऊन मोहरांची थैली घेऊन दरबारात उभा राहिला, हे कीर्तनात ऐकतच आपण वाढलो. ज्यांच्या घरी गुरुचरित्राचं पारायण असतं त्यांना तो आणखी एकदा भेटतो. पन्नासाव्या अध्यायात, मांडीवरच्या स्फोटकानं बेजार झालेला. इतकी जुनी ओळख असून त्याचं गाव, म्हणजे आजचं बिदर, पाहिलंय का म्हटलं की बहुतेक जण नुसते बघत राहतात. सोलापूर, अक्कलकोट, गाणगापूर, मधुकरी, संगमावर स्नान आणि परत तुळजापूर. हे चक्र आपल्याकडं इतकं पक्कं आहे की गाडी आपोआपच तिकडं वळते.

माझं सरळ म्हणणं आहे की हा फेरा उलटा घाला. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याला लागा. नळदुर्ग, बसवकल्याण, माणिकनगर, बिदर, कलबुर्गी (जुनं गुलबर्गा), सन्नती असं करत शेवटी गाणगापूर आणि अक्कलकोट. सगळा टापू दोन-अडीचशे किलोमीटरच्या आत बसतो. १९४८ पर्यंत हा बहुतेक भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानातला, मग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातला. कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू या चारही भाषा इथल्या बाजारात अजून एकाच गल्ल्यावर बोलल्या जातात. दुकानदार माझ्याशी मराठीत, मागच्या बाईंशी कन्नडमध्ये आणि पोऱ्याला हाक मारताना दखनीत, म्हणजे इकडच्या उर्दूत, बोलत होता, आणि त्यात काही विशेष आहे असं त्याला स्वतःला अजिबात वाटत नव्हतं.

नळदुर्गाबद्दल फार लिहीत नाही, इथं बऱ्याच जणांनी तो पाहिलाय. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल (१६१३) पावसाळ्यात पाहावा. नर आणि मादी दोन्ही धबधबे धरणाच्या भिंतीवरून पडत असतात आणि तुम्ही त्याच भिंतीच्या पोटातल्या खोलीत कोरडे उभे असता.

बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. विक्रमादित्य सहावा (१०७६ ते ११२६) इथलाच. ज्या 'मिताक्षरे'वर पुढं शतकानुशतकं वारसाहक्काचे खटले चालले ती विज्ञानेश्वरानं याच राजाच्या काळात लिहिली. पण गाव ओळखलं जातं ते बाराव्या शतकातल्या बसवण्णांमुळं. बिज्जळ राजाच्या पदरी मोठ्या हुद्द्यावरचा हा माणूस, त्याच्या अनुभव मंटपात, म्हणजे चर्चेच्या सभेत, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी आणि नाना जातींचे, नाना धंद्यांचे शरण (शिवभक्त) एकत्र बसायचे. ब्राह्मण मधुवरस आणि चांभार हरळय्या यांच्या मुलांचं लग्न लागलं आणि कल्याणात रक्त सांडलं. आज दिसणारी मंटपाची इमारत विसाव्या शतकातली आहे हे ध्यानात ठेवून जा, म्हणजे हिरमोड होत नाही. अल्लमप्रभूंचं नाव मात्र लक्षात ठेवा, ते पुढं पुन्हा येणार आहेत.

हुमनाबादजवळ माणिकनगर. माणिकप्रभूंचा (१८१७ ते १८६५) सकलमत संप्रदाय. कोणाच्याही दैवताला नाकारायचं नाही हीच इथली रीत. प्रभूंची पदं मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, हिंदुस्थानीतही आहेत. गाणं-बजावणं इथं पूजेइतकंच महत्त्वाचं. दत्तजयंतीच्या उत्सवात रात्र रात्र गवई बसतात. मी उत्सव नसताना गेलो होतो. प्रसादाची पंगत शांतपणे उरकली, वाढणाऱ्यानं दोनदा आग्रह केला आणि तिसऱ्यांदा न विचारताच वाढलं.

आता बिदर. इथं मात्र घाई करू नका.

गावाच्या मध्यावर, चहाच्या टपऱ्या आणि रिक्षांच्या गर्दीत महमूद गवानचा मदरसा उभा आहे. हा माणूस इराणच्या गिलान प्रांतातून व्यापारी म्हणून आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. कोकणातला खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, आणि गोवा त्यानंच बहमन्यांना जिंकून दिला. मदरसा १४७२ चा, तीन मजली, समरकंद-खुरासानच्या धर्तीवर. १६९६ मध्ये आत साठवलेल्या दारूचा स्फोट झाला (वीज पडली असंही सांगतात), त्यात दर्शनी बाजूचा निम्मा भाग आणि एक मिनार गेला. उरलेल्या मिनारापाशी जवळ जाऊन उभे राहा. निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या फरशांच्या तुकड्यांची नागमोडी नक्षी वरपर्यंत चढत गेलेली दिसते. जिथं फरशी पडलीय तिथं चुन्यात तिच्या आकाराचा खळगा तसाच राहिलाय. काही ठिकाणी खळगेच जास्त आहेत. उन्हं कलती असताना ही नक्षी फरशांपेक्षा खळग्यांच्या सावलीतच नीट उठते.

गवानचा शेवट वाईट झाला. दरबारातल्या विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवला, ओरिसाच्या राजाला फितुरीचं पत्र त्यावर लिहिलं आणि सुलतानापुढं ठेवलं. १४८१ मध्ये त्याचं डोकं मारलं. सुलतानही वर्षभरातच गेला आणि त्यानंतर बहमनी राज्याच्या फाळण्या सुरू झाल्या. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा ही सगळी त्या पडझडीतून निघालेली घराणी. म्हणजे शहाजीराजांच्या काळातलं दख्खन समजून घ्यायचं तर सुरुवात या मोडक्या इमारतीपासून करावी लागते.

किल्ल्यात रंगीन महाल चुकवू नका. आतल्या दालनाच्या दाराला काळ्याभोर बसाल्टमध्ये शिंपल्याची चमक जडवलेली आहे. कुलूप असतं. संग्रहालयाच्या कार्यालयात नीट विनंती केली की बहुधा उघडून दाखवतात. उर्मटपणे मागितलंत तर साहेब जेवायला गेलेले असतात.

गावाबाहेर अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी एका रांगेत आहेत. हुमायून 'जालिम'च्या कबरीचा घुमट अर्धा कोसळलाय, कापलेल्या फळासारखी आतली जाडी दिसते. त्याचा आजोबा अहमदशहा वली, ज्यानं राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली, त्याची कबर मात्र शाबूत. लोक त्याला वली, म्हणजे सत्पुरुष मानतात. मुसलमानांसाठी तो वली आणि लिंगायतांसाठी अल्लमप्रभूंचा अवतार. त्याचा उरूस होळीनंतर हिंदू पंचांगाप्रमाणं भरतो आणि त्यात लिंगायत जंगमाला, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूला, मान असतो. कल्याणात ज्यांचं नाव ऐकलं ते अल्लमप्रभू इथं सुलतानाच्या थडग्यात भेटतात. हे पाहायला मला तरी पुस्तकाची गरज पडली नाही.

कलबुर्गी, सन्नती, गाणगापूरवर लिहायचंय, पण उद्या. तोवर तुमचे अनुभव येऊ द्या.


उदगीरकर
शुक्रवार, रात्री ११:०२

भाऊ, एक नंबर. आमच्यासाठी बिदर म्हणजे बाजाराचं गाव. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ च्या आधी बिदर जिल्ह्यातच होते. आमच्या आजोबांच्या जमिनीचे कागद उर्दूत अन् शिक्का बिदरचा. सोयरिकी अजून तिकडंच. लग्नात अर्धी पंगत कन्नड, अर्धी मराठी, अन् भांडणं दोन्ही भाषांत.

एक राहिलं तुमचं. बिदरी काम न बघता कुणी परत येऊ नये. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओतत्यात, छिन्नीनं बारीक खाचा पाडून त्यात चांदीची तार ठोकत्यात. तोवर भांडं राखाडीच दिसतं, चांदी नीट ओळखूही येत नाही. मग किल्ल्यातली जुनी माती अन् नवसागर पाण्यात उकळून त्यात तापलेलं भांडं घालायचं. बाहेर काढलं की अंग काळं कुळकुळीत अन् चांदी पांढरी फेक. माती कुठली बी चालत नाही. ज्या जागी शेकडो वर्षं ऊन-पाऊस लागला नाही अशीच लागते, अन् कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतो. मी समोर बसून बघितलंय. थुंकून म्हणला, ही नाही, पलीकडची आण.


गोदातीर
शनिवार, सकाळी ७:४८

खूपच छान लिहिलंय. मी आईला घेऊन गाणगापूरला जाणार आहे, तिचं वय पंचाहत्तरच्या पुढं. बिदरला नरसिंह झरा आहे ना, पाण्यातून चालत जायचं तो? आईची फार इच्छा आहे. जमेल का तिला? आणि राहायची सोय कुठं बरी?


पायवाट
शनिवार, सकाळी ८:३०

गोदातीर ताई, झरणी नरसिंहाचं भुयार लांब आहे आणि पाणी कमरेपासून छातीपर्यंत असतं. आत अंधूक दिवे, डोक्यावर वटवाघळं आणि गर्दी असली तर हवा कोंदट. आईंना दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर बाहेरूनच हात जोडू देत. पाणी-हवेच्या परिस्थितीवर ते कधीकधी बंदही ठेवतात, आधी फोनवर कुणाला तरी विचारून घ्या.

त्यापेक्षा त्यांना गुरुद्वारा नानक झिरा साहिबला न्या. तिथंही कातळातून येणारा झराच आहे, चालायला सोपं, सावली आहे, बसायला जागा आहे. गुरू नानक या भागात आले तेव्हा गोड्या पाण्याचा तुटवडा होता आणि त्यांच्या पायापाशी झरा फुटला अशी श्रद्धा. खालसा पंथाची दीक्षा घेणाऱ्या पहिल्या पाच शिखांपैकी, म्हणजे पंचप्याऱ्यांपैकी, भाई साहिबसिंग बिदरचे होते. लंगर कायम चालू असतो. यात्री निवासही आहे.

गंमत अशी की दोन्ही झऱ्यांचं कारण एकच. बिदरचं पठार जांभ्या दगडाचं. जांभा पाणी मुरवतो, खाली घट्ट काळा दगड लागला की ते पाणी आडवं वाहून कडेला फुटतं. बहमन्यांनी हेच ओळखून नौबादला जमिनीखालून भुयारी पाट खणला, इराणी पद्धतीचा, त्याला तिथं सुरंग बावी म्हणतात. नरसिंह, नानक आणि सुलतान, तिघांची तहान एकाच दगडानं भागवलीय.


जुनंखोड
शनिवार, सकाळी १०:११

लेख माहितीपूर्ण आहे, पण मला पटलं नाही. तीर्थयात्रेला निघताना मनात एक दैवत असावं. मधुकरी मागायला निघालेल्या माणसानं वाटेत थडगी आणि मदरसे बघत हिंडायचं याला यात्रा म्हणत नाहीत, सहल म्हणतात. सहल करा, हरकत नाही. पण गाणगापूरचं नाव त्यात घालून तिचं वजन वाढवू नका. आणि ज्या बादशहांच्या राजवटीत देवळं पडली त्यांच्या कबरींचं कौतुक करताना तो भागही लिहायला हवा होता.


पायवाट
शनिवार, सकाळी ११:०५

काका, शेवटचा मुद्दा रास्त आहे. बहमनी आणि विजयनगर यांच्या लढाया भयानक होत्या, कत्तली झाल्या, देवळंही पडली. गुलबर्ग्याच्या किल्ल्यात फिरताना जुने कोरीव दगड भिंतीत दिसतात. ते मी लपवत नाही. पण ते आहे म्हणून बाकीचं बघायचं नाही, हे मला जमत नाही. आणि गाणगापूरचं म्हणाल, तर तिथं मी सहलीला जात नाही. म्हणूनच ते शेवटी ठेवलंय. सगळं हिंडणं आटोपून तिथं दोन दिवस नुसतं थांबावं.


अवधूतचिंतन
शनिवार, दुपारी १२:४०

जुनंखोड काका, मी दरवर्षी सप्ताह करते म्हणून बोलते, राग मानू नका. पन्नासावा अध्याय पुन्हा वाचा. बादशहा आधी गाणगापूरला महाराजांना, म्हणजे नृसिंहसरस्वतींना, शोधत आला, फोड बरा झाला, पूर्वजन्म आठवला, आणि मग महाराज स्वतः त्याच्या नगरात गेले. पापविनाशी तीर्थापाशी थांबले, तिथून त्यानं त्यांना वाजतगाजत वाड्यात नेलं. ते पापविनाशी म्हणजे बिदरचं पापनाश. गावाच्या कडेला खोलगट जागी शंकराचं देऊळ आणि तळं आहे, आजही लोक जातात. महाराज ज्या गावात गेले तिथं जायला आपल्याला कसली अडचण?

हा बादशहा म्हणजे दुसरा अल्लाउद्दीन, अहमदशहा वलीचाच मुलगा, असं अभ्यासक मानतात. त्याची कबरही अष्टूरच्या रांगेत आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर थोड्या निळ्या फरशा शिल्लक आहेत. मी तिथं उभी राहिले तेव्हा मनात अध्यायातल्याच ओव्या चालू होत्या. याला सहल म्हणायचं की यात्रा ते तुम्ही ठरवा.


जुनंखोड
शनिवार, दुपारी १:२२

पापनाशचं माहीत नव्हतं. वाचून घेतो. बाकी मतावर कायम.


शिलालेखवेडा
शनिवार, दुपारी ४:१०

पायवाट राव सन्नतीवर उद्या लिहिणार म्हणाले, पण माझ्याच्यानं धीर धरवत नाही.

सन्नती हे भीमेकाठचं छोटं गाव, चित्तापूर तालुक्यात. चंद्रलांबा परमेश्वरीचं देऊळ. आपल्याकडच्या बऱ्याच देशस्थ घरांची ही कुलदेवी, तेव्हा इथल्या काहींचं जाणं-येणं असेलच. १९८६ मध्ये त्याच आवारातल्या काली मंदिराचं छप्पर कोसळलं. मूर्ती ज्या शिळेत बसवली होती ती उघडी पडली आणि तिच्या दोन्ही बाजूंना ब्राह्मी अक्षरं निघाली. अशोकाचे आदेश! त्यात कलिंगात धौली-जौगडला कोरलेले खास आदेशही आहेत. कुणीतरी कधीतरी ती चांगली सपाट शिळा बघून मधोमध चौकोनी खाच पाडली आणि देवी बसवली. खाचेत गेलेली अक्षरं गेली. पण उरलेली देवीखाली राहिली म्हणून टिकली, हेही खरंच.

तिथून जवळच कनगनहळ्ळी. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात मोठा स्तूप निघाला. त्याचं त्या काळचं नाव अधोलोक महाचैत्य. चुनखडीच्या शिळांवर इतकं बारीक काम की बोटांची नखं मोजता यावीत. त्यात एक शिळा अशी की राजा आणि राणी उभे, मागं छत्र-चवरी धरलेल्या दासी, आणि वर ब्राह्मीत नाव: राया असोको. अशोकाचं नाव घालून कोरलेली त्याची प्रतिमा म्हणून ही शिळा जगभर छापली जाते. आणि ती आपल्या सोलापूरपासून दिवसभरात जाऊन येण्यासारख्या अंतरावर आहे.

नाणेघाट चढलेल्यांनो, तुमच्यासाठी खास. तिथं सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या, आता फक्त पायांचे अवशेष आणि वरची नावं उरलीत. कनगनहळ्ळीला ते राजे नाव-गाव-चेहऱ्यासकट आहेत. सातकर्णी महाचैत्याला चांदीची कमळं अर्पण करतोय, असं लिहिलेली शिळा आहे. पैठणच्या राजांचे चेहरे पाहायचे तर भीमेकाठी जावं लागतं.

जाताना एवढंच लक्षात ठेवा की काम कधीही चालू-बंद असतं, काही शिळा झाकलेल्या असतात, फोटोला मनाई असू शकते. रखवालदाराशी वाद घालू नका. पाणी आणि डबा बरोबर न्या.


मुळाकाठची
शनिवार, संध्याकाळी ६:३५

वाचतेय. शिलालेखवेडा, चंद्रलांबा आमची कुलदेवी. लहानपणापासून कितीदा ओटी भरायला गेलो, पण स्तूपाकडं कुणी नेलंच नाही. घरातले म्हणायचे, तिकडं नुसते दगड आहेत. आता वडिलांनाच पाठवते हा धागा.

एक विचारायचं होतं. कन्नड येत नसेल तर अडतं का?


उदगीरकर
शनिवार, संध्याकाळी ७:००

शहरात काहीच अडत नाही, हिंदी-दखनी चालते, बिदर-भालकी-हुमनाबादला मराठीही. खेड्यात, म्हणजे सन्नतीकडं, "ऊटा आयता?" एवढं आलं तरी माणसं घरात बोलावून जेवू घालत्यात. अर्थ आहे जेवण झालं का. नाही म्हणायची तयारी ठेवा, नाहीतर खरंच जेवावं लागतंय.


पायवाट
रविवार, सकाळी ९:२०

कालच्या प्रतिसादांनी माझं निम्मं काम केलं. आता उरलेलं.

बिदरहून हुमनाबादला परत येऊन कलबुर्गीच्या रस्त्याला लागायचं. अंतर सगळं मिळून शंभरच्या वर थोडं. हुमनाबादजवळ जलसंगवी गावात चालुक्यांचं एक महादेवाचं देऊळ आहे, रस्त्यावरून दिसत नाही, विचारत जावं लागतं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर सुंदरींची रांग आहे. त्यातली एक पाठमोरी वळून उभी राहून भिंतीवर लिहितेय. नुसती लिहिण्याचा आव नाही, तिच्या हाताखाली खरीखुरी अक्षरं आहेत, विक्रमादित्य सहाव्याची स्तुती. शिल्पकारानं राजाची प्रशस्ती राजकवीऐवजी हिच्याकडून लिहवून घेतली. मला या सबंध दौऱ्यात एकच दगड निवडायला सांगितला तर मी हा निवडेन. शिलालेखवेडा रागावतील.

कलबुर्गी ही बहमन्यांची पहिली राजधानी, १३४७ पासून. किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची. तिची खासियत म्हणजे तिला उघडं अंगणच नाही. आपण पाहिलेल्या मोठ्या मशिदींत मधे मोकळी जागा असते, इथं सबंध जागेवर छप्पर आहे, लहान लहान घुमटांचं. आत कमानींमागून कमानी. कडेच्या कमानी विलक्षण रुंद आणि बुटक्या, जणू खांद्याला खांदा लावून बसल्यात. भर दुपारी जा, बाहेर आग ओकत असते तेव्हा आत गारवा असतो.

ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज (१३२१ ते १४२२) यांचा दर्गा हे कलबुर्गीचं काळीज. दिल्लीवर तैमूरची धाड आली त्या सुमारास वयाच्या ऐंशीच्या आसपास ते दिल्ली सोडून दक्षिणेत आले. बालपण दौलताबादेत गेलेलं, वडिलांची कबर खुलदाबादला. म्हणजे हेही आपल्याकडून गेलेले. सुलतान फिरोजशहानं आधी मानानं ठेवून घेतलं, पुढं दोघांचं बिनसलं. ख्वाजांनी कौल दिला तो त्याच्या भावाला, अहमदशहाला. १४२२ मध्ये अहमदशहा गादीवर आला, त्याच वर्षी ख्वाजाही गेले आणि फिरोजही. पुढं काही वर्षांत राजधानी बिदरला हलली. अष्टूरची कबर ज्याची तो हाच. दर्ग्यात डोक्याला रुमाल हवा, फुलांच्या टोपल्यावाल्यांना नम्रपणे एकदाच नाही म्हणा. आत हिंदू नवससायास करणारे भरपूर दिसतील.

त्याच गावात शरणबसवेश्वरांचं देऊळ आहे, दासोह म्हणजे अन्नदान ही त्यांची परंपरा. अलीकडचा बुद्ध विहारही प्रचंड आहे. दोन्हीकडं संध्याकाळी जा.

मळखेडला वेळ असेल तर जा. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच. वेरूळचं कैलास कोरणारं घराणं पुढं इथून राज्य करत होतं. अमोघवर्षानं नवव्या शतकात सहा दशकांवर राज्य केलं, त्याच्या दरबारात 'कविराजमार्ग' हा कन्नडमधला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ झाला. वेरूळ डोळ्यांपुढं ठेवून जाल तर निराश व्हाल. कागिणा नदीकाठी ढासळलेला किल्ला, नेमिनाथाची जैन बस्ती (देऊळ) आणि आसपास सिमेंट कारखान्यांची धूळ. मला तरी तिथं फार थांबवलं नाही.

मग गाणगापूर. भीमा-अमरजा संगम, निर्गुण मठ, पादुका, हे सगळ्यांना माहीत आहे. माझी एवढीच सुचवणी की मधुकरीला उभं राहाल तेव्हा एकदा मागणाऱ्यांच्या बाजूनं आणि एकदा वाढणाऱ्यांच्या बाजूनं उभे राहा. दुपारी बाराच्या सुमारास महाराज कुठल्याही रूपात भिक्षेला येतात असं मानतात, त्यामुळं वाढणारी बाई समोरच्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडं नीट बघते. मी झोळी पसरली तेव्हा माझ्याकडंही असंच बघितलं, अर्धी भाकरी आणि पिठलं घातलं, आणि लगेच पुढच्याकडं नजर वळवली. माझी परीक्षा बहुधा संपली होती.


टोरांटोकर
रविवार, सकाळी ११:४५

डिसेंबरात भारतात येतोय, मुंबईत उतरणार. गाडी चालवायची हिंमत नाही. रेल्वेनं होईल का? आणि मुलं शाकाहारी, तिखट चालत नाही.


अवधूतचिंतन
रविवार, दुपारी १२:१५

होईल. मुंबईहून सोलापूरमार्गे दक्षिणेकडं जाणाऱ्या बऱ्याच गाड्या कलबुर्गीला थांबतात. कलबुर्गीला तळ ठेवा. बिदरला जायला हुमनाबादवरून रेल्वेमार्ग झालाय, पण गाड्या मोजक्या, वेळ बघूनच ठरवा, नाहीतर एसटी. म्हणजे तिथली कर्नाटकची एसटी, दर थोड्या वेळानं असते. गाणगापूरसाठी गाणगापूर रोड स्टेशन आहे, पण नावावर जाऊ नका, गाव तिथून वीसेक किलोमीटर आत आहे. जीप-रिक्षा मिळतात, भाडं आधी ठरवा. मला एकानं पोहोचल्यावर दुप्पट मागितलं होतं.

डिसेंबर हवेला उत्तम. फक्त दत्तजयंती कधी आहे ते बघा. त्या आठवड्यात गाणगापूर आणि माणिकनगर दोन्हीकडं पाय ठेवायला जागा नसते, खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात. गर्दीच बघायची असेल तर तोच मुहूर्त धरा, शांतता हवी असेल तर पंधरा दिवस पुढं-मागं करा.

मुलांचं जेवण सोपं आहे. खानावळीत ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण (कलबुर्गीची तूर नावाजलेली), दही मिळतं. भरली वांगी आणि शेंगाचटणी त्यांच्या ताटातून तुम्ही उचला.


शिलालेखवेडा
रविवार, दुपारी १:३०

पायवाट, जलसंगवीच्या बाईबद्दल रागावणार नाही, तीही अखेर शिलालेखच कोरतेय.

बसवकल्याणजवळच्या नारायणपूरची आठवण मात्र करून देतो. चालुक्यांचं शिवमंदिर आहेच, पण मराठी वाचकानं जावं ते मृत्युंजयांसाठी. शहा मुंतोजी ब्रह्मणी म्हणून वाङ्मयाच्या इतिहासात ज्यांचं नाव येतं ते हे. बेदरच्या बहमनी राजकुळातले असं परंपरा सांगते. कल्याणीच्या सहजानंदांचे शिष्य झाले आणि वेदान्तावर मराठीत ओव्या लिहिल्या. नारायणपूरला त्यांची समाधी आहे.


गोदातीर
रविवार, रात्री ९:०५

आईला सगळा धागा वाचून दाखवला. नरसिंह झऱ्याचा हट्ट सोडलाय, पण आता पापनाश आणि अष्टूर दोन्ही बघायचं म्हणतेय. अष्टूरला पायऱ्या किती आहेत आणि कबरीच्या आत काय दिसतं, कुणी सांगेल का?


उदगीरकर
रविवार, रात्री ९:४०

ताई, पायऱ्या मोजक्याच, जोतं चढलं की झालं. गाडी अगदी जवळ जाते. रस्त्यात खलीलुल्लाहची चौखंडी, म्हणजे कबरच, लागंल, अष्टकोनी, तिला मात्र चढ आहे, ती खालूनच दाखवा. तिच्या दाराभोवती काळ्या दगडात कोरलेली अक्षरं बघण्यासारखी हायेत.

अहमदशहाच्या कबरीत आत गेलं की आधी काहीच दिसत नाही, मिट्ट काळोख. राखणदार असला तर आरसा घेऊन दारात उभा राहतो अन् बाहेरचं ऊन वर घुमटात फेकतो. मग लाल, सोनेरी, निळं दिसाय लागतंय, वेलबुट्टी अन् अक्षरांच्या ओळीच्या ओळी. जिकडं आरसा फिरंल तेवढंच. म्हणून सकाळी जा, ऊन दारातून मिळतं. ढगाळ दिवशी गेलात तर मोबाइलची बॅटरी लावावी लागंल, पण ती वरपर्यंत पोचत नाही. राखणदाराला आठवणीनं काही द्या. अन् आईंना बसायला एक घडीची खुर्ची गाडीत टाका, मान वर करून उभं राहायला त्रास होतो.